दिशा शिकवणारे यंत्र

मुलांच्या गटाला वाट शोधायला शिकवण्यासाठी हातात धरायचा जीपीएस घ्यायचे ठरले, की दुकानात पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: यात नकाशा येतो का? शिकवणाऱ्याने हा प्रश्न बराच मागे ठेवायला हवा. रंगीत नकाशावर स्वतःचा ठिपका दिसू लागला की मूल ठिपक्यामागून चालते आणि आजूबाजूला बघणे सोडते. समोरचा डोंगर कोणता, खाडी कोणत्या हाताला आहे, ऊन कुठून येते आहे, हे प्रश्न त्याला पडतच नाहीत. ज्या यंत्रावर अक्षांश, रेखांश, अंतर आणि दिशा एवढेच आकडे स्पष्ट दिसतात, त्यातले आकडे कागदी नकाशावर उतरवावे लागतात. खरे शिक्षण त्या उतरवण्यात होते. म्हणून शिकवण्यासाठी घ्यायचे यंत्र साधे असावे, आणि ते कपाटातून निघण्याआधी मुलांच्या हातात नकाशा व होकायंत्र येऊन गेलेले असावे.

यंत्राचे काम तसे एकच आहे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह स्वतःची जागा आणि वेळ सतत सांगत असतात. तो संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र प्रत्येक उपग्रहापासूनचे अंतर काढते. प्रकाशाच्या वेगाने येणारा संदेश सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात 300 मीटर कापतो, त्यामुळे घड्याळातली बारीकशी चूकही मोठी पडते. हातातल्या यंत्रात उपग्रहासारखे अणुघड्याळ नसते. म्हणून जागा ठरवायला तीन उपग्रह पुरले असते तरी घड्याळाची चूक काढायला चौथा लागतो. यंत्र सुरू केल्यावर उघड्या आकाशाखाली थोडे थांबावे लागते, ते या संदेशांची जुळणी होईपर्यंत. महिनोन्‌महिने बंद असलेल्या यंत्राला सगळ्या उपग्रहांचे वेळापत्रक नव्याने उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागू शकतात. मुलांना ही प्रतीक्षा कारणासह समजावून सांगावी, नाहीतर पहिल्याच दिवशी यंत्र बिघडले असे त्यांना वाटते.

सामान्य ग्राहकाला हातात धरता येईल असा पहिला जीपीएस, मॅगेलनचा नॅव्ह 1000, 1989 मध्ये विक्रीला आला. अमेरिकेने 1995 मध्ये ही व्यवस्था पूर्णपणे कार्यरत झाल्याचे जाहीर केले, पण नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक तोवर कायम होती आणि जागा शंभर मीटरपर्यंत हलायची. मे 2000 मध्ये ती चूक काढून टाकली गेली. उघड्यावर आज साधे यंत्रही पाच-दहा मीटरांच्या आत जागा सांगते, ते त्या निर्णयामुळे. ती चूक काढल्यावर अवघ्या दोन-तीन दिवसांत अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये कोणीतरी जंगलात डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि जिओकॅशिंग नावाचा खेळ जन्मला. मुलांना शिकवण्यासाठी याहून सोपे साधन क्वचितच मिळेल.

निवडीतला पहिला खरा प्रश्न आकड्यांच्या मांडणीचा आहे. तारोडीचे उदाहरण घ्यावे. मिरा-भाईंदर शहराच्या पश्चिमेला, वसईच्या खाडीच्या दक्षिणेस डोंगरी, तारोडी, चौक, पाली, उत्तन ही गावे आहेत. तारोडी साधारण 19 अंश 17 मिनिटे उत्तर अक्षांश आणि 72 अंश 48 मिनिटे पूर्व रेखांशावर येते. हीच जागा तीन तऱ्हांनी लिहिता येते: अंश-मिनिटे-सेकंद, अंश आणि दशांश मिनिटे, किंवा नुसते दशांश अंश. 19 अंश 17 मिनिटे 30 सेकंद आणि 19 अंश 17.30 मिनिटे हे मुलांना एकच वाटते, पण दुसऱ्याचा अर्थ 17 मिनिटे 18 सेकंद. फरक बारा सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर साडेतीनशे मीटरांहून अधिक. खाडीकाठच्या गावात एवढ्या अंतरात माणूस शेतातून थेट चिखलात जातो. 19.2917 हा दशांश अंशातला आकडा कोणी 19 अंश 29.17 मिनिटे म्हणून भरला, तर बाण थेट अर्नाळ्याच्याही उत्तरेला नेतो, वीस किलोमीटरांहून जास्त. म्हणून यंत्रात मांडणी बदलण्याची सोय सहज सापडणारी असावी आणि चालू मांडणी पडद्यावर स्पष्ट कळावी. दुकानातच ती बदलून पाहावी. चार पायऱ्या उतरून, दोन बटणे एकदम दाबून ती बदलावी लागत असेल, तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी ते यंत्र नको.

अक्षांश-रेखांशांइतकीच उपयोगी, किंबहुना नकाशावर काम करायला अधिक सोपी पद्धत मीटरांच्या चौकटीची आहे. तिला यूटीएम म्हणतात. पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे केले, तर 72 ते 78 अंश पूर्व हा त्रेचाळिसावा पट्टा होतो, आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यातच बसतो. नागपूर, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ मात्र चव्वेचाळिसाव्यात जातात. तारोडीपाशी पूर्वेकडचा आकडा सुमारे 2,69,000 मीटर आणि उत्तरेकडचा सुमारे 21,33,000 मीटर येतो. इथे मिनिटे-सेकंदांचे गणित नाही. पूर्वेकडचा आकडा शंभराने वाढला की शंभर मीटर पूर्वेला सरकलो, हे पाचवीतल्या मुलालाही मैदानावर चालून कळते. यूटीएम न दाखवणारे यंत्र शिकवण्यासाठी घेऊ नये.

आकडे नकाशावर उतरवताना आणखी एक अडचण येते, ती पायाभूत मापाची. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना 1767 ची. त्याचे जुने नकाशे पृथ्वीच्या एव्हरेस्ट आकारमानावर बेतलेले होते, आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-84 या वेगळ्या मापावर चालतो. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे यंत्रात भरले तर मुंबईच्या परिसरात शंभर मीटरांच्या घरात चूक पडते. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी निघालेली ‘ओपन सिरीज’ नकाशांची मालिका डब्ल्यूजीएस-84 आणि यूटीएमवर आहे. गटाकडे तीच मालिका असावी. संस्थेच्या कपाटात जुना, घड्यांवर फाटलेला पण आवडता नकाशा असेल तर तोही टाकू नये. त्या दोन नकाशांवर एकच चर्च, देऊळ किंवा विहीर शोधायला लावली, की मोजमापाचा पाया बदलला म्हणजे काय होते, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्यासाठी यंत्रात हे माप बदलण्याची सोय हवी. बऱ्याच यंत्रांत ती असते.

बाण हे या यंत्रांचे सगळ्यांत लोकप्रिय अंग, आणि सगळ्यांत फसवेही. जायचे ठिकाण भरले की बाण सरळ रेषेत तिकडे दाखवतो. तारोडीतून वसईचा किल्ला भरला तर यंत्र चार-पाच किलोमीटर अंतर सांगते. मधली खाडी त्याला दिसत नाही. रस्त्याने घोडबंदरजवळच्या पुलावरून वळसा घालून जायचे तर तीस किलोमीटरांहून अधिक पडतात. फेब्रुवारी 2024 मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली तेव्हापासून हा वळसा काहीसा वाचू लागला. हेच सह्याद्रीत कड्यांच्या बाबतीत होते. पाचशे मीटरांवर गाव दाखवणारा बाण कड्यावरून खाली बोट करत असतो. मुलांना हे तोंडी सांगून पटत नाही. खाडीच्या काठावर उभे करून, पलीकडच्या किनाऱ्याकडे वळलेला बाण दाखवला म्हणजे पटते. 1739 च्या वसई मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईआधी धारावीचा किल्ला घेतला. खाडीच्या तोंडावरच्या या किल्ल्याचे महत्त्वही त्या काठावर उभे राहून नकाशा उघडला की ध्यानात येते.

बाणाच्या बाबतीत यंत्रायंत्रांत एक मूलभूत फरक असतो, आणि विकत घेताना तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. स्वस्त यंत्रांत चुंबकीय होकायंत्र नसते. माणूस चालत असला तरच त्यांना दिशा कळते, कारण दोन क्षणांच्या जागांवरून ती काढलेली असते. तो थांबला की बाण भरकटतो. महागड्या यंत्रांत चुंबकीय संवेदक असतो, तो उभ्या-उभ्याही दिशा दाखवतो, पण सेल बदलल्यावर त्याला पुन्हा जुळवून घ्यावे लागते. शिकवण्यासाठी पहिल्या प्रकारचे यंत्र गैरसोयीचे वाटते, तरी ते कमी समजू नये. थांबल्यावर खिशातले साधे होकायंत्र काढावे लागते, आणि मुलांना तीच सवय लावायची असते. महाराष्ट्रातल्या मुलांना इथे एक सवलतही आहे. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक कोकणपट्टीवर एका अंशाच्या आत आहे, त्यामुळे सुरुवातीच्या धड्यांत तो सोडून देता येतो. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवण्याची परंपराही इथलीच. कुलाब्याच्या वेधशाळेतले हे काम मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून बिघडणार होते, तेव्हा 1904 मध्ये ते अलिबागला हलवण्याची तयारी झाली. अलिबागच्या वेधशाळेत त्या नोंदी आजही चालू आहेत.

उंचीचा आकडा हा आणखी एक घोटाळ्याचा विषय. काही फोन आणि अॅप उत्तनच्या समुद्रकिनाऱ्यावर समुद्रसपाटीच्या साठ-पासष्ट मीटर खालची उंची दाखवतात. यंत्र बिघडलेले नसते. जीपीएस पृथ्वीच्या गणिती आकारापासून उंची मोजतो, आणि भारताच्या या भागात प्रत्यक्ष समुद्रपातळी त्या आकाराच्या तितकी खाली आहे. हातातल्या जीपीएसमध्ये ही दुरुस्ती आत भरलेली असते. तरीही उपग्रहांवरून काढलेली उंची जागेइतकी अचूक नसते. वायुदाबमापक असलेले यंत्र चढ-उताराची नोंद अधिक नीट करते, पण हवामान बदलले की तेही सरकते. कळसूबाईच्या 1646 मीटर उंचीसारख्या माहीत असलेल्या ठिकाणी ते जुळवून घ्यावे लागते. गटात असे एक यंत्र पुरते, ते म्होरक्याकडे असावे.

बटणे की स्पर्शाचा पडदा? बटणे. पावसात भिजलेली, घामेजलेली किंवा मातीने माखलेली बोटे स्पर्शाच्या पडद्यावर नीट चालत नाहीत, आणि महाराष्ट्रातला ट्रेकचा हंगाम पावसाळ्यात भरात असतो. पडदा उन्हात वाचता येणारा हवा, म्हणून तो दुकानातल्या दिव्याखाली पाहून ठरवू नये, दाराबाहेर नेऊन पाहावा. पाण्यापासून संरक्षणाची आयपीएक्स-7 ही श्रेणी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची खात्री देते. बोटीवरच्या किंवा पाण्याकाठच्या कामासाठी तरंगणारे यंत्र निराळे मिळते, पण नसेल तर मनगटाला दोरी पुरते.

सेलचा प्रश्न सगळ्यांत व्यवहारी. एए आकाराच्या दोन पेन्सिल सेलवर चालणारे यंत्रच घ्यावे. हे सेल खेड्यातल्या किराणा दुकानात मिळतात, आत बसवलेली बॅटरी उतरली तर विजेचा प्लग किंवा पॉवर बँक शोधावी लागते. पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल आणि एक चार्जर घेतला की वर्षभराचा खर्च आटोक्यात राहतो, फक्त यंत्रात सेलचा प्रकार बरोबर निवडलेला असावा. नाहीतर उरलेला चार्ज चुकीचा दिसतो.

आजच्या यंत्रांना केवळ अमेरिकेचे उपग्रह नाही तर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ असेही संदेश घेता येतात. उघड्या माळावर याने फारसा फरक पडत नाही. घळीत, दाट झाडीत, ओल्या पानांखाली आणि उंच इमारतींच्या गल्लीत मात्र पडतो, कारण थोडके आकाश दिसत असताना अधिक उपग्रह कामी येतात. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत संदेश कातळावर आपटून उशिरा पोचतो आणि नोंदलेला माग कातळाच्या आरपार गेलेला दिसतो. भारताचा नाविक हा सात उपग्रहांसाठी आखलेला संच. त्याचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजी सोडला गेला, आणि 29 मे 2023 च्या एनव्हीएस-01 पासून त्यात साध्या यंत्रांना सोयीची एल-1 ही लहर आली. बाजारातल्या बऱ्याच हातातल्या यंत्रांना मात्र अजून नाविक वाचता येत नाही, म्हणून केवळ त्या नावासाठी जादा पैसे मोजण्याआधी यंत्राची माहितीपत्रिका वाचावी. विमानांसाठी उभी केलेली गगन ही दुरुस्तीची भारतीय व्यवस्था काही यंत्रांना घेता येते, पण मुलांच्या शिक्षणाला पाच मीटरांची चूक पुरेशी बारीक आहे.

नावानिशी बोलायचे तर गार्मिनची ई-ट्रेक्स मालिका या कामाला सर्वांत अधिक जुळते. 2011 मध्ये आलेला ई-ट्रेक्स 10 काळ्या-पांढऱ्या पडद्याचा, बटणांचा, दोन एए सेलवर वीस तासांहून अधिक चालणारा. त्यात तपशीलवार नकाशे भरता येत नाहीत, आणि शिक्षकाच्या दृष्टीने हाच त्याचा गुण. 2023 मध्ये त्याच घडणीचा ई-ट्रेक्स एसई आला, त्यात संवेदकाचे होकायंत्र आहे आणि सेल कितीतरी जास्त टिकतात. 22 एक्स आणि 32 एक्स हे रंगीत, नकाशे भरता येणारे, आणि 32 एक्समध्ये होकायंत्र व वायुदाबमापक दोन्ही आहेत. मुलांसाठी साधे, म्होरक्यासाठी 32 एक्स, अशी जोडणी चांगली. सगळ्या मुलांची यंत्रे एकाच नमुन्याची असावीत. वेगवेगळ्या घडणीची आठ यंत्रे दिली की शिकवणाऱ्याचा अर्धा वेळ कोणते बटण कुठे आहे हे सांगण्यात जातो.

परदेशातून मागवताना किंवा परतणाऱ्या नातेवाइकांकडून आणवताना एका गोष्टीबद्दल फार काटेकोर असावे. भारतात उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय बाळगणे गुन्हा आहे. गार्मिनच्या इनरीच मालिकेतली यंत्रे, तसेच नावाच्या शेवटी ‘आय’ असलेले जीपीएसमॅप 66 आय, 67 आय यांसारखे नमुने या वर्गात येतात. दिसायला ती साध्या जीपीएससारखीच असतात, आणि विमानतळावर अशा यंत्रांपायी प्रवाशांना अटक झालेली आहे. वॉकीटॉकी जोडलेल्या रिनो मालिकेलाही रेडिओ परवान्याचा प्रश्न येतो. निव्वळ संदेश घेणारा जीपीएस मात्र या वर्गात येत नाही. 2008 पासून मुंबईच्या किनाऱ्यावर सुरक्षेची दक्षता कडक असते, तेव्हा किनारी गावात मुलांचा वर्ग घेताना ग्रामस्थांना आणि पोलीस ठाण्याला आधी कळवून ठेवणे योग्य.

जुने यंत्र देणगी म्हणून मिळाले तर ते नाकारू नये, पण तारीख तपासावी. जीपीएसची आठवड्यांची मोजणी 1024 आठवड्यांनी शून्यावर येते. ती 1999 च्या ऑगस्टमध्ये आणि 2019 च्या एप्रिलमध्ये आली. बऱ्याच जुन्या यंत्रांची तारीख त्यामुळे जवळपास वीस वर्षे मागे गेली आहे. जागा बहुधा ठीक दाखवली जाते, पण नोंदलेल्या मागांच्या तारखा चुकतात.

फोनचा प्रश्न टाळता येत नाही. आधी नकाशे उतरवून ठेवलेला फोन ट्रेकमध्ये खरोखर उपयोगी पडतो, आणि संस्थेकडे पैसे नसतील तर त्यावरही आकडे दाखवणारे अॅप वापरून शिकवता येते. मोठ्या माणसांच्या ट्रेकमध्ये तो पुरेसा असेल. मुलांच्या वर्गात मात्र त्याच फोनवर संदेशही येतात, खेळही असतात, आणि पडल्यावर काच फुटते ती कुणाच्या तरी आईवडिलांची. शिक्षणासाठी वेगळे यंत्र असणे या कारणानेही बरे.

तीन मुलांमागे एक यंत्र हे प्रमाण चांगले: एक यंत्र धरतो, दुसरा नकाशा, तिसरा होकायंत्र, आणि प्रत्येक टप्प्यावर अदलाबदल. एनसीसी आणि स्काउट-गाइडच्या मुलांना नकाशावाचनाची ओळख असते, बाकीच्या गटांना दोन रविवार केवळ कागदावर द्यावेत. पहिला सराव सपाट, ओळखीच्या जागेत व्हावा. तारोडीत शेतांच्या बांधांवरून आणि डोंगराच्या पायथ्याने एका किलोमीटरच्या आत दहा ठिकाणे ठरवता येतात, चर्चचा क्रूस, देवळाचे जोते, विहीर, रस्त्याचा तिठा. खाजण आणि तिवरांचा भाग मुलांसाठी वर्ज्य ठेवावा, भरती-ओहोटीचे वेळापत्रक जवळ असले तरीही. मुलांनी आकडे नोंदवावेत, नकाशावर खुणा कराव्यात, आणि मगच यंत्रातला माग त्यावर ताडून पाहावा. दुसऱ्या टप्प्यात ढोरवाटा द्याव्यात. गुरांच्या पायांनी पडलेल्या, कुठेही न पोचणाऱ्या या वाटा सह्याद्रीत माणसाला सगळ्यांत जास्त चकवतात आणि त्या कुठल्याच नकाशात नसतात. तिथे चुकल्यावर आलेल्या मागावरून परत फिरणे, ही यंत्राची सर्वांत मोलाची सोय, ती तिथेच शिकवावी.

या किनाऱ्यावर शिकवणाऱ्याला मोठा आधार उत्तन-पालीच्या मच्छीमारांचा आहे. पूर्वी डोंगर, देऊळ आणि झाडांच्या खुणा एका रेषेत आणून समुद्रातली जागा ठरवली जायची. आज जाळ्यांची जागा होडीवरच्या जीपीएसमध्ये साठवलेली असते, आणि मासळीच्या संभाव्य जागांचे इशारे हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून अक्षांश-रेखांशांत येतात. जुन्या खुणा आणि नवे आकडे दोन्ही वापरलेला एखादा जाणता नाखवा मुलांशी तासभर बोलायला तयार झाला, तर तो तास कार्यक्रमात आधी धरून ठेवावा.

खाऱ्या हवेत यंत्रे लवकर खराब होतात. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने पुसून, सेलचा कप्पा कोरडा करून ठेवावा. महिन्याहून अधिक काळ वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत. आतच राहिलेले सेल पाझरतात, आणि त्यांचे पाणी पितळी संपर्कांवर चढले की यंत्र दुरुस्त करून घेणे बहुधा नव्याच्या किमतीला जाते.